स्वरलेखनाच्या संगणक-आज्ञावलींची निवड : एक चिकित्सक विवेचन

गोषवारा :
संगीताचे लेखन, संपादन व मुद्रण करण्यासाठी आज अनेक संगणक-आज्ञावली उपलब्ध आहेत. त्यांपैकी कोणती स्वीकारावी, हा प्रश्न संगीत विभागांपुढे बहुधा सोयी व किंमत यांच्या तुलनेतून सोडविला जातो. २०२४ मध्ये 'फिनाले' ही जुनी व प्रतिष्ठित आज्ञावली बंद झाल्याने या पद्धतीची मर्यादा उघड झाली आहे. प्रस्तुत लेखात फिनाले, सिबेलियस, डोरिको, म्यूझस्कोर व लिलिपाँड यांची चिकित्सा केली असून, भातखंडे व पलुस्कर स्वरलिपींच्या संदर्भात या आज्ञावलींची मूळ गृहीतके तपासली आहेत. लेखनाचे दीर्घायुष्य व लिपीशी असलेले इमान हे निवडीचे प्रमुख निकष असावेत, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : स्वरलिपी, स्टाफ नोटेशन, फिनाले, म्यूझस्कोर, म्युझिकएक्सएमएल, युनिकोड, बंदिश.

प्रस्तावना :
संगीत ही श्राव्य कला असली तरी तिचे शिक्षण, जतन व प्रसार यांसाठी लेखनाची गरज सर्वच परंपरांना कमीअधिक प्रमाणात भासली आहे. युरोपीय संगीतात लिखित संहिता हीच रचनेची अधिकृत प्रत मानली जाते. हिंदुस्थानी संगीतात मात्र लेखन हे स्मरणाचे साधन आहे; रचनेचा प्राण गुरुमुखातून येतो. हा भेद लक्षात न घेता एका परंपरेसाठी घडविलेले साधन दुसऱ्या परंपरेत आणले, तर ते साधन लेखनाची केवळ सोय करीत नाही. काय लिहिण्याजोगे आहे, हेही ठरवू लागते.

महाविद्यालयांतील संगीत विभागांना आज्ञावली निवडताना साधारणतः तुलनात्मक तक्ते हाती लागतात. कोणत्या आज्ञावलीत किती वाद्यांचे ध्वनी आहेत, स्वर किती जलद भरता येतात, विद्यार्थ्यांना सवलत मिळते किंवा नाही, अशा रकान्यांनी हे तक्ते भरलेले असतात. ही माहिती निरुपयोगी नाही. परंतु ती खरेदीच्या दिवसापुरती आहे. एखाद्या विभागात वीस वर्षे बंदिशी, सुगम संगीताच्या चाली, वृंदगानाच्या संहिता आणि विद्यार्थ्यांचे प्रबंध लिहिले जातात, तेव्हा विसाव्या वर्षी त्यांतील पहिल्या वर्षाची फाईल उघडेल काय, या प्रश्नाला त्या तक्त्यात रकाना नसतो. प्रस्तुत विवेचनाचा आरंभ याच प्रश्नापासून होतो.

१. फिनालेचा अस्त आणि त्याचा बोध :
'फिनाले' ही आज्ञावली १९८८ मध्ये बाजारात आली. पानावरील जवळजवळ प्रत्येक चिन्ह वापरणाऱ्याच्या इच्छेनुसार हलविता येते, हे तिचे वैशिष्ट्य होते. शिकण्यास अवघड, पण एकदा हाती बसल्यावर कशालाही नकार न देणारी, अशी तिची ख्याती होती. अमेरिकेतील संगीतप्रकाशन, विद्यापीठे व चित्रपटसंगीत या क्षेत्रांत तिने दीर्घकाळ अधिराज्य गाजविले. २६ ऑगस्ट २०२४ रोजी मेकम्युझिक या कंपनीने तिचा विकास व विक्री थांबविल्याचे जाहीर केले. पस्तीस वर्षांत साचलेल्या आज्ञांच्या ओळींवर नवी भर घालणे दुष्कर झाले आहे, असा या निर्णयामागील आशय होता. त्याच वेळी फिनालेच्या ग्राहकांना स्टाइनबर्ग कंपनीची 'डोरिको' सवलतीत देऊ करण्यात आली.

या घटनेतील सर्वांत उद्बोधक भाग निर्णयाच्या तपशिलात आहे. नव्या संगणकावर फिनाले अधिकृतपणे सुरू करण्याची मुभा एका वर्षानंतर राहणार नाही, असे प्रथम सांगण्यात आले होते. तीव्र नाराजी व्यक्त झाल्यावर ही मुदत मागे घेतली गेली. मुदत मागे घेतली गेली हे योग्यच झाले. तथापि पैसे मोजून विकत घेतलेली वस्तू वापरण्याचा हक्क विक्रेत्याच्या मर्जीवर अवलंबून असतो, हे सत्य त्यामुळे बदलत नाही. शिवाय संगणकाच्या कार्यप्रणाली बदलत राहतात आणि विकास थांबलेली आज्ञावली कधी ना कधी त्यांच्याशी विसंगत ठरते.

मराठी वाचकाला हा अनुभव सर्वस्वी नवा नाही. युनिकोडपूर्व काळात श्रीलिपी, कृतिदेव, आकृती अशा फॉण्टांत टंकलिखित केलेले असंख्य मराठी लेख, प्रबंध व नियतकालिकांचे अंक आज तो विशिष्ट फॉण्ट नसलेल्या संगणकावर इंग्रजी अक्षरांच्या व चिन्हांच्या निरर्थक गर्दीसारखे दिसतात. मजकूर नष्ट झालेला नसतो. त्याची किल्ली हरवलेली असते. फिनालेच्या फाईलींचेही हेच आहे. फिनालेत असतानाच त्या 'म्युझिकएक्सएमएल' या खुल्या विनिमय-स्वरूपात रूपांतरित करणे हा सर्वसामान्य मार्ग आहे, आणि एका फोल्डरमधील सर्व फाईलींचे असे रूपांतर एकाच वेळी करण्याची सोय फिनालेत होती. ज्यांनी ते वेळीच केले त्यांचे लेखन तरले. ज्या विभागातील जुना संगणक मध्येच बंद पडला, त्यांच्यासाठी हे काम दरवर्षी अधिक कठीण होत जाणार, हे उघड आहे.

२. उपलब्ध पर्याय : गुणदोषविवेचन :
'सिबेलियस' ही आज्ञावली बेन व जोनाथन फिन या जुळ्या बंधूंनी इंग्लंडमध्ये घडविली आणि १९९३ मध्ये ती एकॉर्न संगणकासाठी प्रसिद्ध झाली. पाने आपोआप नीटनेटकी लागणे व स्वरभरणाची सुलभता हे तिचे बळ. २००६ मध्ये ती ॲव्हिड कंपनीने विकत घेतली. २०१२ मध्ये याच कंपनीने लंडन येथील विकासकार्यालय बंद केले. आज्ञावली बंद पडली नाही, तिचा विकासही पुढे चालू राहिला. पण तिला घडविणारे हात मात्र तिच्यापासून दूर झाले.

ते हात स्टाइनबर्ग कंपनीकडे गेले आणि डॅनियल स्प्रेडबरी यांच्या नेतृत्वाखाली ऑक्टोबर २०१६ मध्ये 'डोरिको' साकार झाली. सोळाव्या शतकातील इटालियन संगीतमुद्रक व्हालेरिओ डोरिको यांच्यावरून तिला हे नाव दिले आहे. डोरिकोचे महत्त्व तिच्या मूलभूत विचारात आहे. जुन्या आज्ञावलींत माप, म्हणजे दोन उभ्या रेषांमधील रकाना, प्रथम येतो आणि स्वर त्यात बसवावे लागतात. डोरिकोत स्वरांचा प्रवाह प्रथम येतो व मापे त्यावर नंतर आखली जातात. त्यामुळे तालमुक्त आलापासारखे लेखन त्यात कोणतीही खोटी मापे न लपविता करता येते. एका फाईलमध्ये अनेक स्वतंत्र रचना ठेवण्याची सोय बंदिशसंग्रहासाठी विशेष उपयुक्त आहे. सप्तकाचे बारापेक्षा अधिक समान भाग करून स्वरव्यवस्था आखण्याची मुभाही तीत आहे. या गुणांची किंमतही तशीच आहे. शिवाय डोरिकोही एका कंपनीच्या मालकीची बंदिस्त आज्ञावली आहे, हे फिनालेच्या अनुभवानंतर विसरता येणार नाही.

'म्यूझस्कोर'चा जन्म वेगळ्या भूमिकेतून झाला. वेर्नर श्वेअर या जर्मन विकासकाने २००२ मध्ये म्यूझ नावाच्या आज्ञावलीतील स्वरलेखनाचा भाग वेगळा काढून तिचा पाया घातला. तिचा मूळ संकेत खुला असून तो जीपीएल परवान्याखाली वितरित होतो. डिसेंबर २०२२ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीने तिच्या मुद्रणाचा व ध्वनीचा दर्जा लक्षणीय उंचावला, तरी आरंभी तिसऱ्या आवृत्तीतील काही सोयी तीत नव्हत्या. येथे एका गैरसमजाचे निराकरण आवश्यक आहे. म्यूझस्कोर याच नावाच्या संकेतस्थळावरील संहिता उतरवून घेण्यासाठी वर्गणी आकारली जाते. आज्ञावली मात्र पूर्णतः मोफत आहे. नावांतील या साम्यामुळे 'मोफत म्हणतात पण पैसे मागतात' असा ग्रह होतो, तो आज्ञावलीपुरता निराधार आहे.

म्यूझस्कोरमागेही आज म्यूझ ग्रुप ही व्यापारी कंपनी आहे. मग ती आणि फिनाले यांत फरक तो कोणता, असा आक्षेप घेतला जाऊ शकतो. फरक परवान्यात आहे. कंपनीने उद्या हात आखडता घेतला, तरी आजवर प्रसिद्ध झालेला संकेत परत घेता येत नाही. कोणीही तो पुढे चालवू शकतो. तिची फाईल ही एक संकुचित पेटी असून तिच्या आत वाचता येण्याजोगा मजकूर असतो. कंपनी नसली तरी किल्ली शिल्लक राहते.

'लिलिपाँड' या प्रकल्पाचा आरंभ १९९६ मध्ये नेदरलँड्समधील हान-वेन नीनहाउस व यान नीवेनहाउझेन यांनी केला. यात पडद्यावर स्वर ठेवावयाचे नसतात. साध्या मजकुरात स्वरनामे लिहावयाची आणि आज्ञावलीने त्यांपासून पान घडवावयाचे. जुन्या हस्तकोरीव मुद्रणाचे सौंदर्य तिच्या पानांत उतरते. दीर्घायुष्याच्या कसोटीवर तिला तोड नाही, कारण साधा मजकूर कोणत्याही संगणकावर कधीही वाचता येतो. तथापि कळफलकावर आज्ञा लिहिण्याची सवय नसलेल्या संगीतशिक्षकाने तिचा स्वीकार करावा, ही अपेक्षा बहुतेक विभागांत कागदावरच राहील.

या सर्व आज्ञावलींना जोडणारा दुवा म्हणजे म्युझिकएक्सएमएल. मायकेल गुड यांनी घडविलेल्या या स्वरूपाची पहिली आवृत्ती २००४ मध्ये आली आणि २०१५ पासून त्याची जबाबदारी डब्ल्यूथ्रीसी या जागतिक जाल-मानक संस्थेच्या समुदायगटाकडे आहे. या दुव्याच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. स्वर, त्यांचा कालावधी व गीताचे शब्द बहुधा सुखरूप पोहोचतात. पानाची बारीक मांडणी आणि लेखकाने स्वतः तयार केलेली चिन्हे मात्र वाटेत गळतात. मींड वा आंदोलन यांसाठी ज्यांनी स्वतःची चिन्हे बनविली, त्यांचे नुकसान सर्वाधिक होते.

३. पाच रेषा आणि देवनागरी स्वरलिपी :
येथवरच्या विवेचनात सर्व आज्ञावलींचे एक समान गृहीतक अस्पर्शित राहिले. त्या पाच रेषांच्या स्टाफ नोटेशनसाठी घडल्या आहेत. महाराष्ट्र व गोवा यांचा या पद्धतीशी संबंध जुना आहे. गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरवाचन शिकलेल्या वादकांनी मुंबईच्या चित्रपटसृष्टीतील वाद्यवृंद उभे केले. अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसोझा यांसारख्या संयोजकांनी हिंदी चित्रगीतांची वाद्यसंहिता याच लिपीत लिहिली. वृंदवादन, गिटार, पियानो, चित्रपटसंगीत यांचे लेखन करणाऱ्यांसाठी वरील आज्ञावली नैसर्गिक आहेत. प्रश्न ख्याल, नाट्यगीत, अभंग यांचा आहे.

पं. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) यांची 'क्रमिक पुस्तक मालिका' मूळ मराठीत सिद्ध झाली. तिच्यातील स्वरलिपी देवनागरी अक्षरांवर आधारलेली आहे. कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र सप्तकासाठी अक्षराखाली बिंदू, तार सप्तकासाठी वर बिंदू, एका मात्रेतील अनेक स्वरांखाली अर्धचंद्र, समेसाठी फुली व खालीसाठी शून्य, अशी तिची साधी योजना आहे. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर (१८७२–१९३१) यांच्या पद्धतीत मंद्र सप्तकाचा बिंदू अक्षराच्या वर येतो आणि तार सप्तक उभ्या रेषेने दाखविले जाते. म्हणजे अक्षरावरील एकच बिंदू एका पद्धतीत तार व दुसरीत मंद्र सप्तक सुचवितो. संगणकाने एका पद्धतीतून दुसरीत रूपांतर करावयाचे, तर त्याला चिन्हाचे रूप नव्हे, अर्थ ठाऊक असावा लागेल. फुलीसारखे व अधिक-चिन्हासारखे आकार या दोन पद्धतींत तालाच्या वेगवेगळ्या जागा दाखवितात, ही बाबही तितकीच महत्त्वाची आहे.

स्टाफ नोटेशनच्या आज्ञावलीत बंदिश भरताना तीन ठिकाणी अर्थहानी होते.

पहिली हानी षड्जाची. भातखंडे पद्धतीत 'सा' म्हणजे गायकाचा षड्ज; तो काळी एक असो वा काळी पाच. पाच रेषांवर लिहिताना षड्जाला एखाद्या निश्चित स्वरस्थानी बांधावे लागते. बहुतेक लेखक सोयीसाठी सी या स्वराला षड्ज मानतात. परंतु वाचणाऱ्याला ते गृहीतक ठाऊक नसेल, तर स्वरनाते सोडून स्वरस्थानच वाचले जाते.

दुसरी हानी मुखड्याची. मध्यलय त्रितालातील अनेक बंदिशी नवव्या मात्रेपासून, म्हणजे खालीवरून, उठतात. क्रमिक पुस्तकांत अशा बंदिशीची ओळ खालीपासूनच सुरू होते आणि सम ओळीच्या मध्ये येते. त्यामुळे काव्याची ओळ व आवर्तनाची ओळ एकत्र राहतात. मुखडा समेकडे कसा धावतो, हे डोळ्यांना दिसते. आज्ञावलीत माप समेपासून सुरू होते. परिणामी मुखडा एका मापाच्या शेपटीत जातो व शब्द समेवर तुटतात. रूपकात तर समेवरच खाली असते; पहिल्या ठोक्याला बळ देणाऱ्या मापकल्पनेला ते मानवतच नाही.

तिसरी हानी ध्वनीची. आज्ञावली लिहिलेले वाजवून दाखविते, हा तिचा मोठा गुण मानला जातो. वृंदसंगीतात तो आहेच. परंतु दरबारी कानड्याचा आंदोलित कोमल गंधार संगणक एका स्थिर, समविभाजित स्वरावर उभा करतो. प्रथम वर्षाच्या विद्यार्थ्याच्या कानावर तो वारंवार पडला, तर लेखनसाधन शिक्षकाच्या विरोधात शिकवू लागते. अशा ठिकाणी मौन पाळणारे साधन अधिक प्रामाणिक म्हणावे लागेल.

यावर देवनागरी युनिकोड हा उपाय कितपत पुरतो? येथे एक सुखद योगायोग आढळतो. वेदपाठाच्या स्वरांकनासाठी युनिकोडमध्ये अक्षराखालील आडवी रेघ व अक्षरावरील उभी रेघ यांना स्थान मिळाले आहे. त्यांचाच उपयोग कोमल ऋषभ 'रे॒' व तीव्र मध्यम 'म॑' लिहिण्यासाठी करता येतो. मंद्रासाठी नुक्ता चालतो. तार सप्तकाच्या बिंदूसाठी मात्र अनेक जण अनुस्वार वापरतात, आणि त्यामुळे संगणकाच्या दृष्टीने तार षड्ज व 'सां' हे अक्षर यांत भेद उरत नाही. मात्रेचा अर्धचंद्र, कणस्वर व मींड यांसाठी साध्या मजकुरात समाधानकारक सोय नाही. तरीही सोळा रकान्यांच्या साध्या सारणीत लिहिलेली बंदिश शोधता येते, छापता येते, आणि कोणत्याही कंपनीच्या परवानगीवाचून वाचता येते. उणीव चिन्हांची आहे, आशयाची नाही.

४. निवडीचे निकष :
वरील चिकित्सेवरून निकषांचा क्रम पुढीलप्रमाणे असावा.

प्रथम निकष निर्गमनाचा. आज्ञावली सोडावी लागली तर लेखन कोणत्या रूपात बाहेर काढता येईल, हे खरेदीपूर्वी प्रत्यक्ष करून पाहावे. विभागातीलच एक विलंबित ख्याल, एक द्रुत बंदिश व एक वृंदगान भरून ते म्युझिकएक्सएमएलमध्ये न्यावे आणि दुसऱ्या आज्ञावलीत उघडावे. काय गळते, ते अर्ध्या दिवसात कळते.

दुसरा निकष लिपीचा. ज्या परंपरेचे लेखन करावयाचे, तिची चिन्हे व ओळीची रचना साधनात टिकते काय? टिकत नसेल तर साधनाची महती कितीही असो, ते त्या कामासाठी नव्हे.

तिसरा निकष विद्यार्थ्याचा. विभागाच्या दोन संगणकांवर असलेली महागडी आज्ञावली विद्यार्थ्याला घरी मिळत नाही. पदवी घेऊन तो बाहेर पडला की त्याचे स्वतःचे लेखन त्याला बंद होते. अशा वेळी विनापरवाना प्रतींचा मोह बळावतो, आणि त्याला आळा घालण्याची नैतिक जबाबदारी ज्या विभागाने ती आज्ञावली अनिवार्य केली त्याच्यावरही येते.

सोय, वेग व ध्वनी यांचा विचार यानंतर यावा. त्यांना गौण म्हणण्याचे कारण इतकेच की त्या दर आवृत्तीगणिक बदलतात. आज मागे असलेली आज्ञावली पाच वर्षांनी पुढे असू शकते. म्यूझस्कोरचा दोन दशकांचा प्रवास हे त्याचेच उदाहरण होय.

या भूमिकेवर एक आक्षेप संभवतो. व्यवसायात सिबेलियस वा डोरिको चालते. मग विद्यार्थ्याला मोफत साधनावर घडविणे म्हणजे त्याला मागे ठेवणे नव्हे काय? आक्षेपात तथ्य आहे, पण मर्यादित. ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात जाऊ इच्छिणाऱ्याने तेथील साधन शिकलेच पाहिजे, आणि त्यासाठी या आज्ञावलींच्या मोफत मर्यादित आवृत्त्या आहेत. परंतु फिनालेच्या कळा पाठ केलेल्या पिढीला २०२४ मध्ये पुन्हा आरंभ करावा लागला. टिकले ते संगीताचे वाचन, स्वरसंगतीचे ज्ञान आणि स्वच्छ लेखनाची शिस्त. शिक्षणसंस्थेने शिकवावयाचे ते हेच.

निष्कर्ष :
१. वृंदवादन, पाश्चात्त्य संगीत व सुगम संगीताच्या वाद्यसंयोजनासाठी महाविद्यालयीन विभागाने म्यूझस्कोर हे मुख्य साधन म्हणून स्वीकारणे सर्वाधिक सयुक्तिक ठरते. प्रकाशनाच्या दर्जाची विशेष गरज व आर्थिक तरतूद असल्यास डोरिको, आणि सहकारी कलावंतांचे काम सिबेलियसमध्ये चालत असल्यास सिबेलियस, असे अपवाद समर्थनीय आहेत.

२. ख्याल व तत्सम गायनप्रकारांच्या बंदिशी पाच रेषांत कोंबण्यापेक्षा देवनागरी युनिकोडच्या सारणीत लिहाव्यात. वापरलेल्या चिन्हांची सूची प्रत्येक फाईलच्या आरंभी द्यावी. तुलनात्मक अभ्यासासाठी स्टाफ नोटेशन आवश्यक असेल तेथे षड्जाचे स्थान स्पष्ट नोंदवावे.

३. प्रत्येक संहिता मूळ फाईल, म्युझिकएक्सएमएल किंवा साधा मजकूर, आणि पीडीएफ अशा तीन रूपांत जतन करावी. शक्य तेथे गुरूच्या आवाजातील ध्वनिमुद्रण सोबत ठेवावे, कारण कोणतीही लिपी जे सांगू शकत नाही ते त्यात असते.

४. फिनालेत लिहिलेले जुने साहित्य ज्या विभागांत आहे, त्यांनी आज्ञावली चालू असलेला संगणक हाताशी आहे तोवरच रूपांतर पूर्ण करावे. हे काम पुढे ढकलण्याजोगे नाही.

भातखंडे व पलुस्कर यांच्यात मतभेद होते, पद्धती भिन्न होत्या; परंतु दोघांचेही लेखन शंभर वर्षांनंतर कोणत्याही मध्यस्थाविना वाचता येते. कागद व देवनागरी अक्षरे एवढ्याच भांडवलावर त्यांनी ते साधले. आजच्या संगणकीय लेखनाला याहून अल्प आयुष्य लाभावे, ही गोष्ट संगीत विभागांनी निमूटपणे मान्य करण्याचे कारण नाही. आज्ञावलींची निवड ही म्हणूनच यंत्रखरेदीची बाब नसून परंपरेच्या जतनाची बाब आहे, आणि तिचा निर्णय खरेदी समितीच्या टिपणीपूर्वी संगीताच्या अध्यापकांनी घ्यावयास हवा.